निशाणावरची बॅटरी

तात्यांनी ज्वारीच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, बराच वेळ आत चाचपडले आणि फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी वर काढली. वरची ज्वारी फुंकरून झाडली, गाठ सोडली आणि कॅमेऱ्याच्या पाच बॅटऱ्या माझ्यासमोर ओळीनं मांडल्या.

"बघ," ते म्हणाले, "एकीला दमट हवा लागलेली न्हाई. बियाणं ठिवावं तशा ठिवल्यात."

"ठेवताना चार्ज किती होत्या, तात्या?"

"चार्ज? खुळी का काय तू. पार मारून ठिवल्यात. बॅटरी ठिवायची तर रिकामी करून ठिवायची. वस्तादांनी शिकवलंय मला."

मी काही बोलले नाही. माझा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे खरं वाटायचं नाही, पण खरंच बोलले नाही. वस्ताद म्हणजे तात्यांना कॅमेरा शिकवणारे गुरू, त्यांच्या काळातल्या बॅटऱ्यांना ते मानवत असेल. ह्यांचं उलटं असतं. ह्यांच्या पोटात निम्मंअर्धं ठेवूनच ह्यांना निजवायचं, नाहीतर वर्षानुवर्षं उपाशी पडून त्या आतल्या आत मरतात. आणि ह्या तर बैलगाडीच्या शर्यतींवर बंदी आली तेव्हापासून ज्वारीत निजलेल्या. बंदी आली, प्रकरण कोर्टात गेलं, मी सून म्हणून ह्या घरात आले, लॉकडाऊन येऊन गेलं, आणि ह्या आपल्या पिंपातच.

तात्या म्हणजे माझे सासरे. आंबवळणात आमचा देवकर फोटो स्टुडिओ आहे, तो त्यांनी उभा केला. आमचे हे चाकणला कंपनीत, त्यांना कॅमेऱ्याची कधी गोडी नव्हती. मला लागली. लग्न, बारसं, डोहाळजेवण, सगळं मीच करायचे, कारण मधल्या काळात तात्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरायचे. पण एक कॅमेरा त्यांनी मला कधी लग्नाला नेऊ दिला नाही. तो निशाणाचा कॅमेरा.

आमच्याकडं बैलगाडीच्या शर्यतीला मैदान म्हणतात आणि जिथं शर्यत संपते त्या रेषेला निशाण. आखलेल्या चाकोऱ्यांतून सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि निशाणावर दोन जोड्या बरोबर आल्या की उघड्या डोळ्यांना काही म्हणजे काही कळत नाही. ज्या बैलाचं नाक आधी रेषेवर ती गाडी पहिली, पण ते नाक बघायला कॅमेरा लागतो, एकेक चित्र थांबवून दाखवणारा. कॅमेऱ्यानं दगा दिला की निकाल नाही, आणि निकाल नाही म्हटलं की काठ्या निघाल्याच म्हणून समजा. बंदीच्या आधी आसपासच्या साऱ्या मैदानांत निशाणाला तात्या असायचे. त्यांचा निकाल कुणी मोडला नाही. ह्या एका गोष्टीवर तात्या ताठ मानेनं जगत आले होते.

बंदी उठली आणि गावच्या यात्रेत पुन्हा मैदान भरवायचं ठरलं तेव्हा यात्रा कमिटीचे आण्णा घरी आले. त्यांची नजर तात्यांच्या हाताकडं गेली आणि ते वर्गणीचंच बोलत बसले. निशाणाचा विषय तात्यांनीच काढला.

"कॅमेरा माझा, बॅटऱ्या माझ्या. हात तेवढे ह्या सुनेचे, हेमाचे."

"बाईमाणूस निशाणाला?" आण्णा म्हणाले. "तात्या, लोक काय म्हणतील?"

"लोक निकाल बघतील. हात कुणाचे ते कशाला बघतील?"

आण्णा नाइलाजानं हो म्हणाले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. आणि लगेच दुसरी बाजूही दिसली. माझ्या हातून निशाणावर एक निकाल जरी चुकला तरी तात्यांनी सगळ्या जन्मात कमावलेलं नाव एका संध्याकाळी जाणार होतं, आणि पुन्हा आमच्या भागात कुठल्या बाईला कुणी निशाणाच्या जवळ फिरकू दिलं नसतं.

म्हणून पुरचुंडी सुटल्या दिवशीच मी परीक्षा मांडली. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं तोंड करून लावला. एकेक बॅटरी चार्ज करायची, बसवायची आणि ती मान टाकेपर्यंत घड्याळाचं चित्रण करायचं. म्हणजे कोण किती चालली ते घड्याळच सांगेल. तात्या समोर खुर्ची टाकून बसले, जणू त्यांच्या घरच्या पोरींना बघायला पाहुणे आले होते.

पहिली तर खाचेत शिरेचना. पोटाशी टम्म फुगली होती. दुसरीला चार्जरनं ओळखच दिली नाही, दिवा लुकलुकत राहिला. तिसरी आणि चौथी सुरू झाल्या, पण आधणावरचा चहा व्हायच्या आत त्यांचा खेळ खलास. पाचवीनं मात्र तात्यांचा चेहरा उजळवला. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह काठोकाठ भरलेलं.

"बघ," तात्या म्हणाले. "फुल. अस्सल माल हाय पोरी, कंपनीचा."

ती फुल होती, फुल होती, फुलच होती, आणि फुल असतानाच एकदम पडदा काळा झाला. तिला निम्मं नाही, पाव नाही. म्हाताऱ्या बॅटरीचं हेच भय असतं. कमी दाखवून बंद पडली तर माणूस सावध तरी होतो.

"तात्या, ही दिसायला फुल आहे. आत काही नाही."

"घड्याळ बंद पडलं आसंल."

"घड्याळ चालू आहे, तात्या."

ते उठले, पाचवी बॅटरी काढून घेतली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. संध्याकाळी जेवताना आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तर म्हणाले, भाकरी कडक झालीय. भाकरी मी केली होती आणि मऊ लुसलुशीत होती.

मी लग्नाचाच कॅमेरा निशाणाला का लावला नाही असं कुणी विचारेल. तो उन्हात तापून आपोआप बंद पडतो, आणि पळत्या बैलांची नाकं त्यात नुसते फराटे दिसतात. वायर टाकून जनरेटरवरही चालवता आलं नसतं, कारण मैदानावरचा जनरेटर भोंग्यांच्या ओझ्यानं केव्हा धापा टाकेल त्याचा नेम नाही. तेव्हा बॅटऱ्या नव्या घ्यायच्या, एवढाच मार्ग होता. मी कऱ्हाडला गेले.

दुकानदारानं माझ्यासमोर तीन जाती मांडल्या. "ताई, ही घ्या," त्यानं पहिली पुढं केली. "हिच्यावर आकडा बघा केवढा आहे. तुमच्या जुन्यापेक्षा दुप्पट चालणार."

मी पर्समधून स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा काढला. केकच्या क्लासला घेतला होता, केक काही धड जमले नाहीत, पण काटा चांगला होता. तिन्ही बॅटऱ्या एकेक करून त्यावर ठेवल्या. दुकानदार बघतच राहिला. सगळ्यात मोठ्या आकड्याची बॅटरी सगळ्यात हलकी निघाली.

"ताई, ती नवीन टेक्नॉलॉजी आहे. हलकी असते."

"दादा, आकडा तुम्ही वर छापलाय. आतले सेल कुठं छापलेत?"

त्यावर तो हसला आणि ती उचलून आत ठेवली. दुसरी अस्सल कंपनीची, सीलबंद खोक्यात. तात्या बरोबर असते तर त्यांनी तिला पोटाशीच धरलं असतं. मी खोकं उलटं करून तारीख वाचली. बंदीच्या आधीची. कंपनीनं ह्या बॅटऱ्या काढणं कधीच बंद केलं होतं आणि हे खोकं दुकानाच्या फळीवर तेव्हापासून बसून होतं.

"ही तर आमच्या ज्वारीतल्यांची बहीण," मी म्हणाले. त्याला काही ती ओळख पटली नाही.

तिसरी कुठल्याशा दुसऱ्या कंपनीची होती. आकडा बेताचा, हातात वजनदार, तारीख चालू वर्षातली. त्या मी तीन घेतल्या आणि दुकानदाराला सांगून ठेवलं की घरी घड्याळासमोर लावून बघणार, कमी चालेल ती परत आणणार. एक खरंच लंगडी निघाली. ती मी परत नेऊन दिली आणि बदलून आणली. मग तिन्हींना दोन-तीन वेळा भरलं, रिचवलं, आणि प्रत्येकीच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे गडबडीत जुन्यांत मिसळायला नकोत.

तात्यांनी ठिपक्याकडं बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, "डुप्लिकेट."

"तात्या, अस्सल आता मिळत नाही."

"माझ्या कॅमेऱ्यात डुप्लिकेट जाणार."

"निकाल अस्सल येईल ना."

त्यांनी पुढं वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं. कसलं पटलंय. त्या आठवड्यात चार्जर दोनदा मला त्यांच्या खाटेजवळ सापडला, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

मैदानाच्या दिवशी माळावर माणूसच माणूस लोटलं होतं. इतक्या वर्षांनी बैल पळणार म्हटल्यावर लोक झाडांवर चढून बसले होते. हलगी कडाडत होती, धुळीत गुलाल मिसळला होता. निशाणाला माझं तिकाटणं, त्याच्याशेजारी तात्यांची खुर्ची. रेषेच्या पलीकडं झेंडापंच. माझा हात वर झाला की त्याचा झेंडा वर, आणि त्याचा झेंडा दिसला की तिकडं टोकाला गाड्या सुटायच्या. सुरुवातीला मी हात वर केला की लोक हसायचे. दोनचार फेऱ्यांनंतर हसणं थांबलं. कोण पहिलं, कोण दुसरं, मी चित्र थांबवून दाखवत होते आणि गाडीमालक मान डोलवून जात होते.

बॅटरीचं माझं ठरलेलं होतं. कुणाला शेवटापर्यंत पळवायचं नाही. निम्मी उतरली की काढायची, दुसरी लावायची, काढलेली पिशवीत पालथी ठेवायची. तात्या हे सगळं तिरक्या डोळ्यानं बघत होते. दुपारून एका फेरीचा निकाल फार बारीक लागला, मी दोन चित्रं पुढंमागं करून दाखवली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आसंच. घाई करू नको." मला त्या दोन शब्दांनी ऊन लागायचं बंद झालं.

फायनल राहिली तेव्हा दिवस कलला होता. दिवस मावळायच्या आत मैदान बंद करायचं अशी परवानगीतली अट होती, म्हणून आण्णांची धावपळ चाललेली. फायनलच्या जोड्यांना ओवाळायची आमच्या गावची रीत आहे. त्याला पाच सुवासिनी लागतात आणि नेमकी एक कमी पडत होती. आत्या लगबगीनं निशाणावर आल्या.

"हेमा, चल गं, चौघीच हायेत."

"आत्या, मी कॅमेरा सोडून कशी येऊ? आत्ताच नवी बॅटरी घातलीय."

"मी हाय की हितं," तात्या म्हणाले. "जा. घरच्या सुनेनं ओवाळावं."

मी गेले. सगळ्या जोड्यांना ओवाळलं. त्यात एक जोडी शिंगट्यांची होती, खोडदवाडीची, म्हणजे माझ्या माहेरची. शिंगटेकाकांनी मला लहानपणापासून बघितलेलं, ते मायेनं दोन शब्द बोलले. शेजारीच काटकरांची जोडी. धोंडीराम काटकर म्हणजे मोठं प्रस्थ, त्यांचे बैल अंगावर हात ठेवू देत नव्हते इतके तापट. माझी आरती बघूनच एकानं मुसंडी मारली. मी कुंकू लावून मागं सरले आणि धावत निशाणावर परत आले.

तोवर तिकडं गाड्या जुंपून सुटायच्या जागेला लागल्या होत्या. कॅमेरा चालूच होता, तात्यांनी सुरू करून ठेवला होता. पडद्यावर बॅटरीचं चिन्ह काठोकाठ भरलेलं. मी हात वर करणार, तेवढ्यात माझी नजर कॅमेऱ्याच्या पाठीवर गेली. लाल ठिपका नव्हता.

मी तात्यांकडं बघितलं. ते समोर माळाकडं बघत होते. गुडघ्यावरचा हात थडथडत होता आणि दुसऱ्या हातानं त्यांनी तो दाबून धरला होता. मला सगळं उमगलं. दिवसभर डुप्लिकेट चालली, फायनल तरी माझ्या अस्सल बॅटरीवर व्हावी, एवढीच त्या माणसाची हौस होती. रागही आला आणि जीवही तुटला, दोन्ही एकाच वेळी.

"निशाणावरून हात आलेला नाही," भोंग्यावरून निवेदक ओरडला. "निशाणावरच्या वहिनी, हात करा."

मी दोन्ही हात आडवे हलवले. थांबा. मग तोंडाशी हात नेऊन ओरडले, "बॅटरी बदलतेय. थांबा."

सगळ्या माळावर एकच गलका झाला. आण्णा धापा टाकत आले. "आत्ता? दिवस बुडत आला हेमा, गाड्या जुंपल्यात, आन् तुला आत्ता बॅटरी सुचली? तात्या, काय हाय हे?"

तात्यांनी मान वर केली नाही.  मी मधे बोलले. "माझीच चूक झाली, आण्णा. मघाशीच बदलायला हवी होती, राहून गेली."

"फुल दाखवतीय की," आण्णा पडद्यात डोकावून म्हणाले.

"दाखवू दे. मला बदलायचीय."

भोंग्यावरच्या माणसाला तर आयतंच सापडलं. "वहिनी, घरी गॅसवर दूध तर न्हाई ना ठिवून आला?" म्हणाला, आणि सगळं मैदान हसलं. कुणीतरी शिट्टी मारली. माझे कान तापले. मी त्याची तिथल्या तिथं हजेरी घेतली असती, पण हात कामात होते. लाल ठिपक्याची बॅटरी पिशवीतून काढली, बसवली, कॅमेरा सुरू केला, नजर लावली. तेवढ्या वेळात तिकडं काटकरांचा तापट बैल उधळला आणि जोडीनं छकडी चाकोरीबाहेर ओढून नेली. माणसांनी लोंबकळून त्यांना परत आणलं. मग मी हात वर केला.

झेंडा उठला. धुळीचा लोट आमच्याकडं येताना दिसला, आधी आवाज नाही, मग नुसता खुरांचा आवाज. पुढं दोनच जोड्या होत्या, शिंगट्यांची आणि काटकरांची, बरोबरीनं. त्या माझ्यासमोरून गेल्या तेव्हा कोण पुढं होतं ते मलाही दिसलं नाही. दोन्हीकडचे लोक आपापल्या गाडीवानाला खांद्यावर घेऊन नाचायला लागले.

मी चित्र मागं घेतलं. एकेक करत पुढं आणलं. आण्णा, झेंडापंच आणि दोन्ही मालक माझ्या खांद्यावरून बघत होते. एका चित्रात शिंगट्यांच्या बैलाचं नाक रेषेवर टेकलेलं होतं आणि काटकरांच्या बैलाचं चार बोटं मागं. लख्ख दिसत होतं.

"शिंगटे," झेंडापंच म्हणाला.

"न्हाई," काटकर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण असं म्हणाले की नाचणारे जागच्या जागी थांबले. "मला निकाल मान्य न्हाई. गाड्या जुंपल्यावर बाईनं मैदान थांबवलं. बॅटरी फुल होती, ती आण्णांनी डोळ्यानं बघितलीय. फुल बॅटरी कोण बदलतं? माझे बैल उधळतात हे समद्यांना ठाऊक हाय. त्यांना तापवायला थांबवलं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाईचं माहेर खोडदवाडी. शिंगट्यांच्या दारातली पोर."

त्यांची माणसं पुढं सरकली. शिंगट्यांचीही सरकली. आण्णा माझ्याकडं बघत होते, की आता तरी काहीतरी सांग. सांगायला माझ्याकडं एकच गोष्ट होती आणि ती तात्यांची होती. आयुष्यात कुणाचं उलट बोलणं ऐकून न घेतलेली मी, त्या वेळी ओठ आवळून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते मी धुळीच्या नावावर पुसलं.

"हेमा," खुर्चीतून आवाज आला. "ती माझी बॅटरी दे."

"राहू द्या ना, तात्या."

"दे म्हणतो ना."

ते उठून आले. बॅटरी माझ्या हातून घेतली आणि कॅमेऱ्याला लावायला गेले, पण हात थाऱ्यावर राहीना. दोनदा खाच चुकली. गर्दी बघत होती. त्यांनी बॅटरी परत माझ्या हातावर ठेवली. "तूच बसीव."

मी बसवली. चिन्ह काठोकाठ भरलं. काटकर म्हणाले, "बघा. फुल."

"फुलच हाय," तात्या म्हणाले. "धोंडीराम, तू हितं पडद्याजवळ उभा ऱ्हा. हेमा, नजर रेषेवर लाव आन् चालू ठिव. मी तुझ्या चाकोरीतनं येतो, धोंडीराम. माझं नाक रेषेवर आलं की सांग."

आणि ते निघाले. धोतराचा सोगा हातात धरून काटकरांच्या चाकोरीतून उलट्या दिशेनं चालत गेले, बरेच लांब. मग वळले आणि निशाणाकडं चालू लागले. कुणी हसलं, पण हसू विरून गेलं. माळावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. तात्या सावकाश येत होते, एक हात हलतोय, मान ताठ. मी पडद्याकडं बघत होते, काटकर पडद्याकडं बघत होते. रेषा दिसत होती, चिन्ह फुल होतं.

आणि फुल असतानाच पडदा काळा झाला.

तात्या अजून रेषेपासून लांब होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "धोंडीराम, आलो का मी?"

काटकरांनी पडद्यावर बोटानं टकटक केलं. माझ्याकडं बघितलं, परत पडद्याकडं बघितलं. "तात्या," ते म्हणाले, "तुम्ही दिसतच न्हाई."

"तुझे बैल बी दिसले नसते. शिंगट्याचे बी नसते."

तात्या रेषेवर येऊन पोचले. भोंग्यावरचा माणूस माईक घेऊन उभा होता, त्याच्या हातातून त्यांनी तो ओढून घेतला. "ऐका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज साऱ्या माळावर गेला. "ही बॅटरी माझी. माझ्या सुनेनं घरीच तिची परीक्षा घिऊन मला सांगितलं हुतं, तात्या ही मेलेली हाय. मी ऐकलं न्हाई. ती ओवाळायला गेली तवा मी तिच्या पाठीमागं ही कॅमेऱ्याला लावली. तिनं वळखलं. मैदान थांबवलं. आण्णा तापले, तवा म्हणली माझी चूक हाय, तुम्ही हसला ते बी सोसलं. आताबी, तिच्या माहेरावर गेलात तरी गप बसली, का, तर सासऱ्याचं नाव जाऊ नये. माझं नाव घालवायला मी एकटा पुरं हुतो. ते राखलं हिनं."

एवढं बोलून त्यांना दम लागला. माईक त्यांनी आण्णांच्या हातात दिला.

मला तेव्हा काय वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. अभिमान वाटला, आणि तो माझा नव्हता, त्यांचा होता. भरल्या मैदानात आपली चूक भोंग्यावरून सांगणारा माणूस माझा सासरा आहे, ह्याचा. त्यांच्या हाताला धरून मी त्यांना खुर्चीवर बसवलं. हात अजून थडथडत होता. मी सोडला नाही.

काटकरांनी आपल्या माणसांना हातानं मागं सारलं. मग म्हणाले, "चित्र परत एकदा दाखवा." मी लाल ठिपक्याची बॅटरी बसवली आणि दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, स्वतःच्या बैलाच्या नाकापासून रेषेपर्यंत हवेत बोटं धरून मोजलं, आणि उभे राहिले. शिंगटेकाकांकडं जाऊन त्यांनी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला. निकाल मिटला. हलगी पुन्हा वाजायला लागली.

गर्दी पांगत होती आणि मी तिकाटणं मिटवत होते, तेव्हा काटकर परत आले. माझ्याशी थेट बोलायची त्यांना लाज वाटत असावी, कारण ते तात्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"तात्या, पुढच्या महिन्यात आमच्या गावचं मैदान हाय. निशाणाला तुम्ही यायचं."

"मला कशाला ईचारतोस?" तात्या म्हणाले. खुर्चीवर ऐटीत मागं रेलले आणि मानेनं माझ्याकडं खूण केली. "मॅडमना ईचार, तारीख मोकळी हाय का."

मॅडम. घरात मला खुळी म्हणणारा माणूस.

काटकर माझ्याकडं वळले. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "वहिनी, जमंल का?"

मी तिकाटण्याचा पट्टा आवळला, पिशवी खांद्याला लावली. तारीख मोकळी होती. निशाणासाठी वर्षाच्या सगळ्याच तारखा मोकळ्या होत्या.

"बघून सांगते," मी म्हणाले.